वैद्याचा खेळ आणि दिवेलागण

माझी भाची जूचंद्रला नव्या टॉवरमध्ये राहते आणि घरी बसून एका छोट्या कंपनीसाठी ऑनलाइन खेळ बनवते. खेळ असा, की एका काल्पनिक राज्यातलं पात्र घ्यायचं, योद्धा, व्यापारी किंवा वैद्य, आणि देशभरातल्या अनोळखी लोकांबरोबर त्या राज्यात हिंडायचं. त्यातला वैद्य सगळा भाचीने रचलेला. कोणती वनस्पती कुठे उगवते, कधी खुडायची, किती उकळायची, कशात काय घातलं की विष होतं, या सगळ्यात ती कित्येक महिने बुडालेली होती.

एका शुक्रवारी ती आमच्याकडे उमेळ्याला आली ती लॅपटॉप आणि पडलेला चेहरा घेऊन. येता-जाता खेळणारी माणसं, म्हणजे कुकर लावून शिट्ट्या होईपर्यंत खेळणारी, हौसेने वैद्य निवडत होती आणि लगेच पळून जात होती. अशी माणसं टिकतात हे सोमवारच्या मीटिंगमध्ये दाखवता आलं नाही, तर वैद्य खेळातून काढून टाकायचा असं ठरलं होतं.

“मग सोपं कर की,” मी म्हणालो.

“सोपं केलं की जुने प्लेयर शिव्या घालतात, मामा. म्हणतात, बालवाडी केलीय. तू आणि मामी खेळा. मी फक्त बघणार, काही सांगणार नाही.”

गावच्या नाटकांत मी तीन राजांचे खून केले आहेत, पण कुणी मला राज्यात राहायला बोलावलं नव्हतं. मी आधी मिशांकडे लक्ष दिलं. आकडेबाज की झुपकेदार, हे ठरेपर्यंत चहा गार झाला. मग राज्यात पाऊल टाकलं आणि पडद्यावर सूचनांच्या चौकटी उघडू लागल्या. प्रत्येक चौकट मी दवंडी दिल्यासारखी मोठ्याने वाचली. चौथीपर्यंत पहिली विसरलो. मग उरलेल्या न वाचताच बंद केल्या, समोर दिसला तो पाला उकळून प्यायलो आणि मेलो. मरण मात्र झकास होतं. पात्र छातीवर हात ठेवून, गुडघ्यांवर येऊन, सावकाश कोसळतं. मी पुन्हा प्यायलो.

“मामा, ते विष आहे हे सहाव्या चौकटीत लिहिलंय.”

“लिहिलं असेल. पण पाहुणा अजून चपला काढतोय, तोवर तू त्याला पाण्याची टाकी, मीटर आणि गच्चीची किल्ली दाखवतेस.”

ती यावर हसली नाही. तिने चौकटी बंद केल्या आणि प्रत्येक सूचना त्या-त्या वस्तूपाशी नेऊन ठेवली. पाल्याला हात लावला की मगच पाला बोलणार. त्यानंतर मी बराच वेळ जिवंत राहिलो, जरा नाइलाजानेच.

मग माझी बायको बसली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. माहेर अर्नाळ्याच्या वाटेवरचं, वाडीतलं. तिने शांतपणे काढे केले, एका जखमी व्यापाऱ्याला बरं केलं आणि निळ्या फुलाच्या झाडापाशी पोचली. ते फूल फक्त खेळातल्या रात्रीच उमलतं आणि त्याच्याशिवाय वैद्याला पुढे जाता येत नाही. रात्र झाली, फूल उमललं, वर बाण नाचू लागला. बायकोने लॅपटॉपवरचा हात काढला आणि भिजवलेले वाल सोलायला घेतले. खेळातली सकाळ झाली, फूल मिटलं. पुन्हा रात्र झाली. वाल सोलणं चालूच.

भाची मागे उभी राहून ओठ चावत होती. मामी अडकली, असं तिने ठरवून टाकलं. शनिवारभर बसून तिने वैद्याचे नियम कापले. प्रमाणं गेली, मिश्रणं गेली, उकळायला एकच बटण राहिलं.

रविवारी बायकोने पाच मिनिटांत विचारलं, “प्रमाणं कुठे गेली गं? हा वैद्य आहे की चहावाला?”

“मामी, तू परवा फुलापाशी अडकलीस म्हणून काढली.”

“मी कुठे अडकले?”

“इतका वेळ नुसती उभी होतीस.”

“रात्र होती ना. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावतात का? झोपलेली असतात झाडं.”

“अगं, तो गेम आहे.”

“माहीत आहे. झाडं झोपत नाहीत हेही मी सांगू शकते. पण आमच्या वाडीत तिन्हीसांजेनंतर कुणी साधं तुळशीचं पान तोडलं नाही, आणि मी तुझ्या लॅपटॉपमध्ये जाऊन तोडू?”

“मग पुढे कशी जाणार?”

“सकाळ झाली की. रात्रीचं फूल सकाळी खाली पडतं. तुझं पडतच नाही. प्राजक्त बघितला नाहीस का कधी?”

भाचीने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला आणि जेवायलाही उठली नाही. संध्याकाळपर्यंत सगळी प्रमाणं आणि मिश्रणं जागच्या जागी आली. सकाळी झाडाखाली निळी फुलं पडू लागली. त्यांचा काढा थोडा सौम्य होई, पण पुढची वाट उघडे. कडक औषध हवं असेल त्याने रात्री यावं, तोडावं, मोजूनमापून उकळावं. ज्याचा कुकर होत आला आहे, त्याने चार फुलं वेचावीत आणि निघावं.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. मीटिंगमध्ये तिने काहीच समजावून सांगितलं नव्हतं. हिशेब बघणाऱ्या आणि कधीच न खेळणाऱ्या दोन सहकाऱ्यांना तिने नुसतं खेळायला बसवलं होतं. दोघांनी फुलं वेचली, आणि मीटिंग संपली तरी ते उठेनात.

“राहिला वैद्य,” ती म्हणाली.

आता बायको रोज शाळेतून आल्यावर थोडा वेळ वैद्य होते. परवा भाचीचा पुन्हा फोन आला, जरा अवघडलेला.

“मामी, तक्रारी आल्यात. जुने प्लेयर म्हणतात, एक म्हातारी वैद्य रात्रभर झाडाला आडवी उभी राहते आणि सगळ्यांना ‘सुबह आना’ लिहून पाठवते.”

“म्हातारी कोण म्हणालं?” बायकोने विचारलं.