अल्पशा आजाराने

दादाचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात शाळेत जायला निघत होते. "सुनंदा, तुझी वहिनी गेली," एवढंच तो बोलला. माहेरी, दिघोरीला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर फोन उघडला, तर नात्यातल्या ग्रुपवर कुंदावहिनीचा फोटो होता, लेकीच्या लग्नातला, आणि खाली मजकूर... 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' ती ओळ मी पुनःपुन्हा वाचली. रडू आलं होतं ते तिथेच आटलं, आणि त्याच्या जागी जो संताप चढला तो आज सव्वा महिना झाला तरी उतरलेला नाही. अल्पसा? बाई दोन पावसाळे खोकत होती. पण आपल्याकडे मेलेल्या माणसाचा आजारसुद्धा घराच्या सोयीने लहान करून सांगतात.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी दहावीत होते. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या चालण्याची नक्कल करून आईला हसवलं होतं, आणि मी शिक्षिका झाल्यावर तर तिला रानच मोकळं मिळालं. "बाई, शाळेत पोरं तुमाले भेतात का तुमी पोराईले?" असं ती दर सुट्टीत विचारायची. तळ्याखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, भाताचा रोवणा सुरू झाला की तिच्या टोळीत जायला बायका भांडायच्या, कारण दिवसभर वाकून चिखलात रोपं लावताना ती गावातल्या एकेकाची अशी काही टर उडवायची की कमरेचं दुखणं विसरायला व्हायचं. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सगळ्यांचे डबे उघडले की पहिले हात तिच्या डब्यात पडत. सुक्या झिंग्यांची चटणी ती मुद्दाम जास्त करून न्यायची आणि स्वतःला उरली नाही म्हणून कौतुकाने कुरकुरायची.

खोकला हटेना म्हणून मीच तिला भंडाऱ्याला आणून तपासून घेतलं. टीबी निघाला. औषध फुकट आहे, पूर्ण घेतलं तर बरं होतं, मधे सोडू नका, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. घरी आल्यावर दादाचा पहिला प्रश्न काय होता? "गावात कोणाले मालूम तं नाही झालं न?" मी मराठी शिकवते. क्षय म्हणजे हळूहळू झिजणं, कमी होत जाणं, हे मी मुलांना सांगते. पंचांगात तिथीचा क्षय होतो, शेतातल्या कसाचा होतो, त्याबद्दल गावात चारचौघांत चर्चा चालते. माणसाचा झाला की मात्र सगळ्यांची दातखीळ बसते. मग 'तिले ते झालं' म्हणायचं, 'बडी बिमारी' म्हणायचं, डोळ्यांनी खूण करायची. ज्या आजाराचं नाव घ्यायचं नाही, त्याचं औषध तरी कुणासमोर घेणार?

पहिले काही आठवडे तिने गोळ्या इमानाने घेतल्या. अंगावर थोडं मांस चढलं, खोकला कमी झाला. मग रोवणा लागला. मी रविवारी गेले तर गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या कोठीमागे जशीच्या तशी. विचारलं तेव्हा ती हसत म्हणाली, "बाई, त्या गोळीनं लघवी लाल होते. रोवण्यात आमी साऱ्या बायका संगंच जातो धुऱ्यापल्याड. एकीनं पाहिलं तं साऱ्या गावाले समजते कायची गोळी आहे ते." मी संतापले. डब्यात हात घालणाऱ्या बायकांसाठी जीव देणार आहेस का, म्हणाले. तिने पाकिटं परत कोठीमागे सारली. "मंग माह्या डब्यात कोण हात घालीन, बाई? मले आता बरं लागून राहिलं. रोवणा झाला का घेतो न पुन्हा." यात तिला मूर्ख म्हणणाऱ्यांनी एकदा चारचौघांतून आपलं ताट बाजूला सारलं गेलेलं पाहावं आणि मग बोलावं.

रोवणा संपला आणि रोशनीसाठी, तिच्या एकुलत्या एका लेकीसाठी, स्थळ आलं. मुलगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, राहायला क्वार्टर. दादाला स्वर्ग दोन बोटं उरला. गोळ्या घेऊन येणाऱ्या आशाताईला त्याने दारातूनच परत पाठवलं आणि पुन्हा घरी येऊ नको म्हणून बजावलं. मी भांडले, माझं तोंड मुळातच फटकळ. तो म्हणाला, "पोरीचं लगन मोडाचं आहे का तुले? होऊन जाऊ दे, मंग पाहू." आणि वहिनीसुद्धा त्याचीच री ओढत राहिली, "जाऊ द्या न बाई, कायले भांडता..." लग्नात तिच्या हातात बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि पाहुण्या बायका तिला विचारत होत्या, "बारीक झाल्या, चांगल्या दिसता, काय केलं?" तोच तो ग्रुपवरचा फोटो.

लग्नानंतर तिने पुन्हा औषध सुरू केलं, पण आता त्या गोळ्या लागू पडेनात. दुसरी औषधं आली, मोठ्या दवाखान्याच्या खेपा झाल्या. शेवटच्या दिवसांत बोललं की धाप लागायची म्हणून ती बोलायचीच नाही. इतकी बडबडी बाई! तेरवीला मांडवात कुणी म्हणालं दमा होता, कुणी म्हणालं निमोनिया. एक काका डोळे पुसत म्हणाले, "लय खपली बिचारी घरासाठी." खपली, बरोबर आहे. आपण बाईला वापरून संपवतो आणि वर या शब्दाने तिचा गौरव करतो. मी पानावरून उठून आत गेले, नाहीतर त्या दिवशी मांडवातच तोंड सुटलं असतं.

आत चुलीपाशी रोशनी खोकत होती. किती दिवस झाले, मी विचारलं. "सर्दी आहे तिले," दादा दारातून म्हणाला, आणि मला बाजूला घेऊन, "जावयासमोर काही बोलू नको." बायको गेली, तेरवीचं जेवण अजून उठायचं होतं, आणि याचं तेच. माझ्या सख्ख्या भावाची मला त्या क्षणी किळस आली. हे सगळं लिहून छापायला देते आहे, कारण पुढे रोशनीच 'लिही' म्हणाली.

मागच्या आठवड्यात मी तिला दवाखान्यात नेलं. जावई सोबत आला, नको म्हणायला सांगता येईल असं कारण नव्हतं. डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरात कोणाला टीबी झाला होता का?" वहिनीची एक सवय होती. परक्या माणसाने काही विचारलं की ती पदर तोंडावर धरून दादाकडे पाहायची, आणि उत्तर दादा द्यायचा. रोशनीने ओढणी तश्शीच तोंडावर धरली, तशीच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. वहिनीच समोर बसली आहे असं वाटून मला भडभडून आलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. ओढणी खाली घेतली.

"माह्या आईले टीबी होती. लपवून ठेवली. औषध मधातच सोडलं. त्यानंच मेली माही आई."

जावई खुर्चीवरून उठला. डॉक्टर बाई हातात पेन धरून एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिल्या. रोशनीने मागे वळून पाहिलं नाही.

"लिहा न, मॅडम," ती म्हणाली.