पाटावरची जेलीफिश

पुस्तक माझं नव्हतं, हीच सगळी धास्ती होती. चिंचवडच्या छापखान्याच्या मालकांनी ते विश्वासाने मला घरी नेऊ दिलं होतं. फार पूर्वी पॅसिफिक महासागरात गेलेल्या फ्रेंच जहाजांवर चित्रकार असत. पकडलेल्या जेलीफिशचे रंग बादलीत विरायच्या आत ते कागदावर उतरवत. पुस्तकातली त्यांची चित्रं एकेक करून हाताने रंगवलेली होती. त्यांवरून मला एका कंपनीच्या कॅलेंडरचे नमुने करायचे होते. पसंत पडले तर छापखान्यात कायमची नोकरी.

खंडेनवमीला सकाळी मी नळावरून पाणी घेऊन आले, तर सासूबाईंनी पूजा मांडलेली. पाटावर ह्यांचे नट आवळायचे पाने, पक्कड, मापं घ्यायचा व्हर्नियर. शेजारी माझे ब्रश, आणि ते पुस्तक, उघडं. निळ्या जेलीफिशच्या बरोब्बर मधोमध ओलं हळदकुंकू.

माझं डोकंच फिरलं. "अहो आई, हे काय केलंत! माझी नोकरी गेली!"

त्यांच्यावर आवाज चढवायची ही माझी पहिलीच वेळ. झेंडूची फुलं हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"त्याची हत्यारं पुजली. मग तुजी न्हाई पुजायची व्हय?"

लग्न झाल्यापासून माझ्या ब्रशांना 'त्या काड्या' म्हणणारी बाई हे बोलत होती. मला भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. पावाचा मऊ गर टेकवून टेकवून मी कुंकू उचललं. ते फिकं झालं, पण हळद काही हलेना.

दसऱ्यानंतर छापखाना उघडला. मालकांनी आधी नमुने पाहिले. "सुरेख," ते म्हणाले. मग पुस्तक चाळायला घेतलं. एका पानावर त्यांचा अंगठा थांबला.

"हे कुणी केलं?"

सासूबाईंचं नाव घेतलं असतं तर कदाचित निभावलं असतं. खेड्यातली म्हातारी म्हणून ते हसलेही असते. तेच मला नको होतं.

"मी. हत्यारांची पूजा होती."

"पूजा आपल्या हत्याराची करतात, बाई. हे माझं होतं."

त्यांनी नमुने माझ्याकडे परत सरकवले आणि पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं. नमुने पिशवीत घालून मी निघाले.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"पडली का चितरं पसंत?"

"व्हय," मी म्हटलं.