माझ्या ऑपरेशनातला चौथा धोका

माझं अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन ठरलं, त्या आठवड्यात मला जो मान मिळाला तो लग्नातही मिळाला नव्हता.

डॉक्टर सरळ माणूस. समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. "रक्त जास्त जाऊ शकतं. जखमेत पू होऊ शकतो. क्लोरोफॉर्म एखाद्याच्या हृदयाला झेपत नाही. आणि पोटात अन्न असलं तर गुंगीत उलटी होऊन ती श्वासनळीत जाते, माणूस गुदमरतो. म्हणून त्या सकाळी काही खायचं नाही. ऑपरेशन टाळलंत तर तोही धोकाच. आतडं अडकलं तर वेळ मिळणार नाही. विचार करून सांगा."

मी होकार दिला, घरी आलो आणि ओसरीवर खेळ सुरू केला! भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चारही धोके साभिनय. रक्त म्हटलं की मी पांढराफटक पडायचो. चौथा धोका तर माझा हातखंडा: डोळे फिरवायचे, गळा धरायचा, दोन आचके देऊन लोडावर आडवं व्हायचं. शेजारचे मास्तर एकदा "वन्समोअर" म्हणाले. मी दिला.

खरं सांगायचं तर आतून पुरता घाबरलो होतो. खेळ चालू असेतो तेवढा विसर पडायचा.

मला लहानाचं मोठं करणारी आत्या दारात शेंगा फोडत सगळं ऐकायची. ती एकदाही हसली नाही. ऑपरेशनच्या सकाळी मात्र वाडगा घेऊन उभी राहिली.

"आत्या, खायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय."

"मी कुटं खायला देतीया? दहीभात हाय. शकुनाचा. हितं जवळ होटगीला जायचं झालं तरी देती, आन् आज न्हाय देऊ व्हय?"

मला ते पटलं. आमच्या घरी निघताना हातावर पडणारं दही कधी खाण्यात धरत नसत. शकुन चार घास झाला. घाबरलो की मला भूक लागते, म्हणून आणखी चार झाला.

टेबलावर डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?"

"नाही," मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.

तोंडावर क्लोरोफॉर्मची जाळी आली. गोडसर उग्र वास नाकात शिरला. शकुन घशाशी आला, आणि आठवडाभर लोडावर मरणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी जाळी उडवून ओरडलो, "दहीभात!"

डॉक्टरांचा हात थांबला. "किती?"

"वाडगाभर."

त्यांनी मला खाली उतरवलं, बाहेर जाऊन आत्याच्या शेजारी बाकावर बसले आणि चौथा धोका तिला साध्या शब्दांत सांगितला. आत्याचा चेहरा उतरला.

"म्हंजी मीच मारलं असतं की वो ह्याला."

"बाई, तुम्हाला नीट कुणी सांगितलंच नव्हतं."

"सांगितलं की. ह्यानं रोज सांगितलं. पर मला वाटलं, हे मेलं नाटक करतंय."

मग तिनं डॉक्टरांना तासभर धरून ठेवलं. रक्त गेलं तर काय करता? पू झाला तर कसा कळतो? न्हाय केलं तर किती दिस काढंल? मी गेले आठ दिवस चार धोके करून दाखवत होतो. यातला एकही प्रश्न मला सुचला नव्हता. शेवटी ती उठली.

"करा उद्या. न करण्यातच भ्या जास्ती दिसतंय."

रात्रीपासून तिनं दवाखान्यात माझ्या खाटेशी पहारा दिला. फळं घेऊन आलेल्या मास्तरांना दारातूनच परतवून लावलं. सकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यांनी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "ह्याच्या पोटात काय न्हाय. माझ्याबी न्हाय."

शुद्धीवर आलो तेव्हा पोटात आग होती, तोंडाला कोरड होती आणि मी जिवंत होतो. खाटेशेजारी आत्या भाकरी-चटणी खात बसली होती. मी डोळे उघडलेले पाहून तिनं घाईघाईनं भाकरी पदराआड लपवली.

"बघू नगंस तिकडं," ती म्हणाली. "डाक्टरनं सांगितल्याबिगर तुला न्हाय."