बाळाबाईंचा सात

मंगळवारी आमच्या सोलापूरच्या फिजिओथेरपी ओपीडीत एका पेशंटने मला चांगलंच गप्प केलं. तेव्हापासून ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतेय...

मी पीजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुडघ्यातली कूर्चा झिजून दुखतं, त्यावर लेसरचा कितपत उपयोग होतो, हा माझ्या थिसिसचा विषय. काही पेशंटना खरा लेसर, काहींना नुसता लाल दिवा... कोणाला काय, हे त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही. यादी गाईड मॅडमकडे. अर्थात हे सगळं समजावून, संमती घेऊनच सुरू केलेलं.

बाळाबाई सांगोल्याकडच्या. साठी ओलांडलेली, सगळं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. उपचारासाठी त्या शुक्रवार पेठेत लेकीकडे येऊन राहिल्या होत्या.

दर वेळी मी विचारायची, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? बाकी सगळे आकडा कमी कमी सांगत होते आणि मी खूश. बाळाबाई पहिल्या दिवशी सात म्हणाल्या. मंगळवारी, शेवटच्या सेशनलाही, सातच.

खरं सांगते, मला राग आला. म्हटलं, "मावशी, थोडा तरी फरक असेल की. नीट आठवून सांगा."

त्या शांतपणे म्हणाल्या, "बाय, तू लई मन लावून करतीस. बरं वाटतंय म्हणावं असं मला बी वाटतं. पर मी खोटं बोलले, तर उद्या दुसरीला बी तू हेच देणार. तिनं मग कुटं जायचं?"

मी फॉर्मवर सात लिहिला.

शेजारच्या कॉटवर एक निवृत्त शिक्षक होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, मघाशी मी तीन सांगितले ना, ते पाच करा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

संध्याकाळी मी गाईड मॅडमना सगळं सांगितलं. पेशंट माझं मन राखतायत आणि मीही त्यांच्याकडून हवं ते काढून घेतेय, हेसुद्धा. आता दुखण्याचा आकडा दुसरी डॉक्टर विचारणार, मी त्या खोलीत थांबायचं नाही. आणि हे सगळं थिसिसमध्ये जसंच्या तसं लिहायचं.

बाळाबाईंना खरा लेसर मिळाला की नुसता दिवा, मला अजून माहीत नाही. त्या दिवशी त्या निघताना मी त्यांच्याकडून मांडीचे व्यायाम घोटून घेतले. लेसर उपयोगी ठरला आणि त्यांना नुसता दिवाच मिळालेला निघाला, तर परत बोलावून खरा लेसर द्यायचा, हेही ठरलंय.

माझा ग्राफ आता पूर्वीसारखा देखणा राहणार नाही. पण त्यात एक आकडा असा आहे, ज्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवू शकते... आणि तो सांगणारी बाई माझी पेशंट होती, याचा मला फार अभिमान वाटतो.