एकवीस मंडळाचे, उरलेले आपले

चीनच्या आर्थिक सुधारणांनी कोट्यवधी लोकांचं भलं केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण एका माणसाची त्यांनी पार शोभा केली, आणि तो माणूस आत्ता तुमच्यासमोर बसून चहा पितोय. घ्या, बिस्किट घ्या. हसायला नंतर भरपूर वेळ आहे.

आधी शिरीष कुलकर्णीबद्दल सांगायला हवं. तो नसता तर मी चीनच्या वाटेला गेलोच नसतो. शिरीष आणि मी एकाच वर्षी इथे अमेरिकेत, नोव्हायला आलो. तो गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो, मी सीटखालचे रेल. म्हणजे गाडी वेळेवर थांबली की लोक त्याला दुवा देतात. सीट पुढे सरकली म्हणून आजवर मला कुणी फोन केलेला नाही.

मला त्याचा हेवा वाटतो. आता तुमच्यापासून काय लपवायचं? बावन्नाव्या वर्षी त्याचे केस काळे आहेत आणि तो डाय लावत नाही. कसं माहीत म्हणता? त्याच्या बाथरूममधलं कपाट मी उघडून पाहिलंय. त्याचा टोमॅटो जुलैत लाल होतो, माझा सप्टेंबरात हिरवाच गळून पडतो. आणि सलग चार वर्षं आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष कोण? तोच. मला ते पद हवं होतं. का हवं होतं विचाराल तर, त्याच्याकडे होतं म्हणून.

गेल्या वर्षी मला वाटलं, आता सापडला. आमच्या गणपतीला उकडीचे मोदक असतात, आणि शिरीषची पद्धत अशी की शनिवारी सगळ्यांनी एकत्र जमून ते करायचे. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं, पंचवीस माणसं जमली. त्यातले चार जण मोदक करत होते. सहा जण त्यांना कसे करायचे ते सांगत होते. बाकीचे फोटो काढत होते आणि उकड गरम असतानाच मळावी की जरा निवू द्यावी यावर पुणे विरुद्ध नागपूर असा वाद घालत होते. सहा तासांत मोदक झाले एकशे साठ. जेवायला माणसं तीनशे. प्रत्येकाला अर्धा मोदक, तोही नीट कापला गेला तर.

मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो. आता लोक शिरीषला धारेवर धरतील! तर लोक काय म्हणाले असतील? "काय एकोपा आहे हो आपल्यात!" आणि त्यालाच टाळ्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता चीन. माझ्या ऑफिसात लिऊ म्हणून एक सहकारी आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, शांत माणूस. डबा आम्ही एकत्र खातो. एकदा तो त्याच्या लहानपणच्या खेड्याबद्दल बोलायला लागला. शेती सगळ्या गावाची एकत्र. सकाळी घंटा झाली की सगळे शेतावर जायचे, कुदळीवर हनुवटी टेकून उभे राहायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांना हजेरीचे सारखेच गुण, धान्य त्या गुणांवर. मरमर काम करून उपयोग काय? पोटभर भात कुणालाच नव्हता.

"मग बदल झाला," लिऊ म्हणाला. "जमीन घराघरांत वाटली. मालकी नाही, पण कसायला दिली. सरकारला ठरलेला कोटा द्यायचा, उरलेलं तुमचं. माझे वडील पहाटे अंधारात शेतावर जायला लागले. त्या माणसाला पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत आमच्याकडे डुक्कर आलं, मग सायकल."

आणि आता त्याच्या त्या तालुक्याच्या गावाला बुलेट ट्रेन थांबते. मला थोडा चीनचाही हेवा वाटला. आमच्या कराडच्या स्टेशनवर मी आयुष्याचे किती तास काढलेत, ते मला ठाऊक. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घंटा, कुदळ, हनुवटी... अरे, हे तर आमचं मोदकांचं कॅफेटेरिया!

"पण त्यात एक गंमत होती," लिऊ पुढे सांगत होता, "कोटा देताना..."

"लिऊ, मला मीटिंग आहे," म्हणून मी उठलो. मीटिंग वगैरे काही नव्हती. मला गाडीत बसून भाषण लिहायचं होतं.

कमिटीच्या बैठकीत मी प्रपोजल मांडलं. वीस घरं. प्रत्येक घरानं मंडळाला एकवीस मोदक द्यायचे, म्हणजे चारशे वीस. त्यावर जे कराल ते तुमचं. खा, वाटा, काहीही करा. मग मी चीनची शेती, कम्यून, माणसाची प्रेरणा यावर पंचवीस मिनिटं बोललो.

शिरीष म्हणाला, "सुहास, आयडिया चांगली आहे यार. पण एकत्र बसून करण्यात मजा असते रे."

"मजा करून पोट भरत नाही, शिरीष," मी म्हणालो. हे वाक्य मी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

प्रपोजल पास झालं. शोभाकाकू, म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, त्या तर म्हणाल्या, "सुहास, दिवाळीच्या सभेला यंदा तूच उभा राहा अध्यक्षपदाला." मी "छे हो काकू" म्हणालो आणि घरी येऊन ब्लेझर ड्राय क्लीनला टाकला.

घरी माझी बायको मेधा हिनं एकच प्रश्न विचारला. "उरलेले आपले, म्हणजे नक्की कुणाचे?"

"जो करेल त्याचे."

"म्हणजे माझे."

"तुझेच गं," मी उदारपणे म्हणालो. मेधाचा मोदक म्हणजे काय सांगू, पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं, आणि मोजून एकवीस कळ्या. हा हुकमाचा पत्ता माझ्या हातात होता.

पुढच्या आठवड्यात जे झालं ते पाहून मी हरखून गेलो. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "माझ्याकडे अकरा जास्तीचे होतील, कुणाला हवेत का?" पाच मिनिटांत उत्तर, "मला हवेत, बदल्यात तुमच्या मुलांना महिनाभर मराठी शाळेत सोडेन." झालं! बाजार सुरू. पीएचडी करणाऱ्या दोन मुलींनी एअरपोर्टच्या एका फेरीवर आपला अख्खा कोटा दुसरीकडून करवून घेतला. शोभाकाकूंनी पंधरा मोदकांवर नवीन फोन सेट करून घेतला. नोव्हायच्या सगळ्या इंडियन दुकानांतलं तांदळाचं पीठ संपलं. आमच्याच घरी मेधानं पिठाच्या दहा पिशव्या आणून ठेवल्या. माझ्या कारकिर्दीसाठी किती राबतेय बिचारी, असं मला वाटलं.

लिऊला मी रोज बातम्या द्यायचो. तो ऐकायचा, हसायचा. एकदा म्हणाला, "आणि कोट्यात कुठला माल देतायत?"

"एकवीस-एकवीस," मी म्हणालो. "ठरलंय तसं."

"आकडा नाही विचारला," तो म्हणाला. पण मला तेव्हा स्लाइड बनवायच्या होत्या.

गणपतीच्या दिवशी मी सकाळी आठलाच शाळेच्या दारात टेबल मांडून बसलो. घरं येत होती, झाकणबंद डबे देत होती, मी यादीवर टिक करत होतो. आत काय आहे ते पाहिलं का? अजिबात नाही. नैवेद्याचं पान देवासमोर जाण्याआधी कुणी उघडायचं नाही, वास घ्यायचा नाही, हे मी आईकडून शिकलोय. एका बाईंनी "जरा बघून घ्या हं" म्हणत झाकण उचललं, तर मी डोळे मिटून घेतले. वीस डबे आले. चारशे वीस. माझी छाती फुगून शर्टाचं बटण ताणलं गेलं.

आरतीआधी मी माइक घेतला आणि बोललो. स्लाइड होत्याच. मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या होत होत्या, ते दिसलं मला. वाटलं, पोरं खेळायला गेली असतील. नंतर कळलं, सगळे पार्किंग लॉटमध्ये होते. वीस गाड्यांच्या डिक्या उघड्या, प्रत्येकीत कूलर, आणि मोदकांची देवाणघेवाण जोरात.

आरती झाली. नैवेद्यासाठी मी स्टेजवर पहिलं झाकण उघडलं.

आत चपटे, फुटलेले, सारण बाहेर आलेले एकवीस गोळे. दुसरा डबा उघडला. कच्चे. तिसऱ्यात मोदक होते, पण चौकोनी. चौथ्यातले फ्रीझरमधले, अजून बर्फ धरून. एका डब्यात तर सरळ मोमो होते. वरून नारळ भुरभुरला होता, म्हणजे भक्ती होती. मी डबे उघडतच गेलो. हातातला माइक चालूच होता. पहिल्या रांगेतून माझी मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, प्लीज स्टॉप ओपनिंग देम."

आणि मग विसावा डबा. आत एकवीस मोदक. शुभ्र, पातळ, प्रत्येकाच्या टोकाला केशराची एक काडी. डब्यावर पट्टी होती: कुलकर्णी.

अंगाची नुसती आग झाली हो! सगळ्या गावानं माझी सुधारणा बुडवली आणि हाच एकटा उजळून निघणार? ते शक्यच नव्हतं. मला ठाऊक होतं, शिरीषची बायको अनघा आठवडाभर हाताला प्लास्टर घालून फिरतेय. आणि शिरीषला चहासुद्धा धड येत नाही. हे एकच क्षेत्र आहे ज्यात मी पुढे आहे.

मी डबा उंच धरला आणि माइकवर म्हणालो, "हे मोदक कुलकर्णींच्या घरचे नाहीत. हे बाहेरून आणलेत. मंडळाची ही फसवणूक आहे, आणि याची चौकशी व्हायला हवी."

शिरीष उठला. "बरोबर आहे सुहास. अनघाला जमत नव्हतं, म्हणून आम्ही बदल्यात घेतले. नियमात बसतं ना? तूच सांगितलं होतंस."

"कुणाकडून घेतले? नाव सांग. या सभेला कळलं पाहिजे."

शिरीष माझ्याकडे इतक्या कणवेनं पाहत होता की माझा आणखी संताप झाला. "सांग ना," मी म्हणालो.

"माझ्याकडून," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. मेधा.

मी माइक खाली घ्यायचं विसरलो. "मग आपल्या घरचे कुठले?"

"ते नाही का, तुझ्या डाव्या हाताला. चपटे. पहिल्या घाण्याला उकड बिघडली, ते दिले कोट्यात. चांगले कोट्यात कोण घालतं?"

शेवटी देवापुढे शिरीषच्या नावाचाच डबा गेला. आणि शिरीषचा मोठेपणा बघा, त्यानं माइक घेतला आणि पहिल्यांदा मेधाचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. लोक उभे राहिले. मला तर तेही सुचलं नव्हतं.

सोमवारी लिऊला सगळं सांगितलं. तो डबा खायचा थांबला. "तेच सांगत होतो मी त्या दिवशी. माझे वडील सरकारला ओलसर धान्य द्यायचे, खडे घातलेलं. चांगलं बाजारात. सगळं गाव तसंच करायचं. म्हणून गोदामाच्या दारात एक तपासनीस असायचा, पोत्यात सळी खुपसून बघायचा. तुमच्या दारात कोण होतं?"

"मी होतो," मी म्हणालो. "डोळे मिटून."

दिवाळीच्या सभेत मी उभा राहिलोच नाही. शिरीष पाचव्यांदा अध्यक्ष झाला, बिनविरोध. अनुमोदन द्यायला कुणीतरी हवं होतं, शोभाकाकूंनी मला कोपर मारलं, आणि मीच हात वर केला.

पण एकवीस मोदकांच्या बदल्यात मेधानं त्याच्याकडून घेतलं काय, हे मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. हिंमत नव्हती. परवा पहिला बर्फ पडला. सकाळी सातला खरखर ऐकून उठलो, पडदा सारला. शिरीष फावडं घेऊन आमचा ड्राइव्हवे साफ करत होता. मेधा दारात उभी, हातात त्याच्यासाठी आल्याचा चहा, पाहुण्यांच्या कपात.

"पूर्ण हिवाळाभर करणार आहे," ती म्हणाली. "तुला दहा वर्षं सांगतेय मी."

मला लाज वाटायला हवी होती, नाही का? मी खिडकीत उभा राहून अर्धा तास बघत राहिलो. आणि काय सांगू तुम्हाला, अगदी दोरी लावल्यासारख्या सरळ कडा काढतो हो तो माणूस. असा जळलो मी, असा जळलो, की नजर टाकली असती तर बर्फ आपोआप वितळला असता.