बाबांनी पसंत केलेली गाडी

वाघोलीत घर आणि हिंजवडीत नोकरी असलेल्या माणसाला पुण्यात कोणी अक्कल विचारत नाही. ती असती तर त्याने असं केलंच नसतं. मी हे सात वर्षं केलं, आधी कंपनीच्या बसने आणि मग स्कूटरवर. शेवटी पाठीने असहकार पुकारला तेव्हा गाडी घ्यायची ठरवली. जुनीच, कारण ऐपत तेवढीच होती. पण नुसती ऑफिसला नेणारी गाडी मला नको होती. रविवारी तिला शंकूंमधून पळवायचीही होती.

हे खूळ डोक्यात घातलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. त्याने मला एकदा ऑटोक्रॉस बघायला नेलं होतं. शहराबाहेर सिमेंटचं मोकळं मैदान, त्यावर रबरी शंकू मांडून आखलेली वेडीवाकडी वाट, एका वेळी एकच गाडी आणि समोर घड्याळ. शंकू पडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. तिथे कोणी हॉर्न वाजवत नाही, कोणी डावीकडून घुसत नाही, उलट्या बाजूने रिक्षा येत नाही. रोज नगर रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला याहून जास्त काय हवं?

गाडी मात्र बाबांनीच निवडायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. निवृत्त होऊन आईसह माझ्याकडे राहायला येण्याआधी बाबा अकोल्याला सरकारी कचेरीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं त्यांनी साहेबांच्या गाड्या चालवल्या. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, पण कोणती गाडी घ्यावी हे त्यांना एकदाही कोणी विचारलं नाही. नवी गाडी आली की चावी हातात पडायची, बस्स. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी 'सरकारी नोकरी' एवढंच लिहायचे आणि पुढचं कोणी विचारू नये म्हणून घाईने पान उलटायचे. त्याची लाज मला अजून वाटते. म्हणून यावेळी शब्द त्यांचा चालणार होता आणि तो खरा ठरायला हवा होता. गाडी फसली असती तर मला चाललं असतं, पण बाबा चुकले असं कोणी म्हटलेलं मला चालणार नव्हतं.

सहकाऱ्याने अर्थातच यादी केली होती. त्याच्या यादीतली पहिली गाडी बाणेरला होती. काळी कुळकुळीत, मागे पंख, छताला काच, सायलेन्सरचा आवाज असा की सोसायटीतली कुत्री उठावीत. मी तर बघताक्षणी पाघळले. बाबांनी गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"गरम हाय," ते म्हणाले.

विकणारा म्हणाला, "आत्ताच पेट्रोल भरून आणली, अंकल."

बाबांनी आत वाकून चावी फिरवली. "काटा तं खालीच हाय बाप्पा."

गाडी थंड असताना नीट सुरू होत नसणार, म्हणून आम्ही यायच्या आधीच तिला तापवून ठेवलं होतं. बाबांनी विकणाऱ्याला एवढंही ऐकवलं नाही. नमस्कार केला आणि निघाले. बाहेर आल्यावर सहकारी म्हणाला, "अंकल जरा जुन्या वळणाचे आहेत." मी म्हटलं, "हो, आणि तू सुशिक्षित आहेस, म्हणून तुला काटा दिसला नाही."

असे चार रविवार गेले. एका गाडीने चाळीस हजार किलोमीटर दाखवले, पण ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं होतं, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. दुसरी एका एजंटाकडे होती, पांढरीशुभ्र. बघायला गेल्या गेल्या तो चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन आला, जणू सौदा झालाच. आमचे आजोबा धम्मात आले तेव्हापासून आमच्या घरी लिंबू चाकाखाली जात नाही. बाबांनी ती लिंबं हातात घेतली, वास घेतला आणि त्याच्या टेबलावर नीट मांडून ठेवली. "सरबताले मस्त हायेत," म्हणाले. मग गाडीखाली वाकून बघितलं, तर सांगाड्याला नवा रंग मारलेला होता. अपघाताची गाडी.

पाचव्या रविवारी कोथरूडला गेलो. एका निवृत्त शिक्षिकेची गाडी होती. दहा वर्षं जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची, रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. सीटवर विणलेली कव्हरं. सहकाऱ्याने फोनवर फोटो बघून हसण्याचे सहा चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, "काकूंची गाडी."

काकूंनी दार उघडून आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. बाबा गाडीखाली शिरले, बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी ओढून बोटावर पुसली, सर्व्हिसचं पुस्तक पानन् पान वाचलं. अर्ध्या तासाने काकूंचा संयम सुटला.

"आपण गाडी घ्यायला आलात की तपासणी करायला?"

"दोन्ही," बाबा म्हणाले.

"चालवून बघा. पण परत जागेवर लावताना तोंड बाहेर करून लावा. मी तशीच लावते."

बाबांचा चेहरा उजळला. तेही साहेबांची गाडी नेहमी तशीच लावायचे, निघायच्या तयारीत. मला वाटतं, निम्मा सौदा तिथेच झाला.

टेकडीच्या चढावर बाबांनी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढून बघितली. मोकळा रस्ता मिळाल्यावर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले. गाडी नाकासमोर सरळ जाऊन थांबली. मग मला चालवायला दिली. मी एक वळण घेतलं आणि मला कळलं. गाडी हलकी होती. हाताने सांगितलेलं चाकांना लगेच समजत होतं, आणि चाकांखालचा रस्ता हातांना.

"फालतू वजन नाई हिच्यात," बाबा म्हणाले. "ताकद कमी हाय, पण खोटं बोलत नाई. हेच घे माय."

मी घेतली. ऑफिसात महिनाभर माझी टिंगल झाली. कँटीनमध्ये कोणीतरी विचारलं, विणलेली कव्हरं कंपनीकडूनच आली का. मी हसून घेतलं, पण आतून धाकधूक होती. लोक गाडीला हसत होते, आणि ती निवडली होती बाबांनी.

मग बाबांनी मला शिकवायला घेतलं. गाडी चालवता मला येत होती, पण बाबांच्या मते मी फक्त 'हाकत' होते. वाघोलीच्या पुढे नव्या वसाहतीचे रिकामे रस्ते आहेत, तिथे सकाळी जायचो. आईला मागे बसवायचे. त्यांचा नियम एकच, मागच्याची झोप मोडता कामा नये. ब्रेक हळूहळू वाढवायचा, वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, मग गाडी एका रेषेत वाहू द्यायची. साहेब अकोल्यापासून मुंबईपर्यंत झोपून यायचे, ते उगीच नाही. तिसऱ्या रविवारी आई पाच मिनिटांत घोरायला लागली. मला शाळेत पहिला नंबर आल्यावरही एवढा आनंद झाला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर नुसते पंख आणि सायलेन्सर. त्यात आमचं बिस्किट. माझी पाळी आली. पहिलं डावं वळण घेतलं आणि कडेने हशा पिकला. दुसऱ्या वळणावर आणखी मोठा. मला वाटलं, गाडीचं काहीतरी सुटून पडलं. फेरी संपल्यावर कळलं, मी प्रत्येक शंकूला इंडिकेटर देत होते. डावीकडे वळताना डावा, उजवीकडे वळताना उजवा. बाबांनी शिकवलेलं हाताला इतकं बसलं होतं की मला पत्ताही नव्हता. आयोजक माईकवर म्हणाला, "ताई, मागे कोणी नाहीये, कुणाला सिग्नल देताय?"

मी लाजेने लाल झाले. आणि तेवढ्यात फळ्यावर वेळ लागली. नवख्यांमध्ये दुसरी. काळ्या पंखवाल्यांपैकी दोघे माझ्या खाली होते. ते वळणावर टायर किंचाळवत होते आणि मी मनातल्या मनात आईला झोपवत होते. हशा कधी थांबला ते मला कळलंही नाही. सहकारी गाडीजवळ आला, चाकं बघितली, वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "हिचं नेमकं काय केलंय तुम्ही?"

"काई नाई," बाबा म्हणाले. "पाहून घेतली."

जेवणाआधी हौसेची एक फेरी होती. लायसन्स असलेल्या कोणीही चालवावी. मी बाबांना म्हटलं, तुम्ही जा. "मी पाहाले आलो," ते म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. तेव्हा सहकाऱ्यानेच स्वतःचं हेल्मेट काढून त्यांच्यापुढे धरलं. तेवढ्यासाठी मी त्याचे सहाही चेहरे माफ केले.

बाबांनी सीट पुढे घेतली, आरसे जुळवले, पट्टा दोनदा ओढून बघितला. लोक थांबून होते. झेंडा पडला आणि गाडी सुटली.

जन्मभर मी त्यांना पन्नासच्या वर चालवताना बघितलं नव्हतं. साहेबांच्या गाडीत नाही, लग्नाच्या वरातीत नाही, मला ताप असताना मामाच्या जीपमधून दवाखान्यात नेतानाही नाही. मला वाटायचं, तेवढंच त्यांना येतं. आता तीच गाडी शंकूंच्या अंगाला लागून जात होती आणि एकही शंकू हलत नव्हता. ते कुठेच घाई करताना दिसत नव्हते आणि तरी पुढच्या वळणावर आधीच पोचलेले असायचे. आई शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "हे असे चालवतात, मलेही माहीत नव्हतं."

फळ्यावर वेळ लागली. माझ्यापेक्षा तीन सेकंद कमी. नवख्यांमध्येच नाही, त्या दिवशी त्याहून कमी वेळ फक्त दोघांची होती. लोक टाळ्या वाजवत गाडीपाशी गेले. आयोजकाने माईक त्यांच्यासमोर धरला. "काका, हे कुठे शिकलात तुम्ही?"

बाबांनी हेल्मेट काढलं, केस नीट केले. माईकची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते माझ्याकडे बघून बोलले.

"बत्तीस वर्षं हेच तं केलं," ते म्हणाले. "पण मागं साहेब बसून राहायचे. आज मागं कोणी नव्हतं."