बोल्ट मारलेली पवनचक्की

परदेशातल्या आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या मराठी मंडळींत एक गृहस्थ आहे. लोक शनिवारी आपापल्या घरी सुखाने बसलेत हे त्याला सहनच होत नाही. नोकरी कसल्यातरी सॉफ्टवेअरची, पण खरा पेशा संयोजनाचा. आम्ही आपसात त्याला संयोजक म्हणतो. ही थट्टा आहे हे त्याच्या लक्षात आलेलं नाही, उलट त्याला तो मान वाटतो.

गेल्या वसंतात त्याने ग्रुपवर मेसेज टाकला. जुन्या पवनचक्क्या आणि पाणचक्क्या, गाइडेड वॉक, मुलांना हेरिटेज कळेल, बायकांनी ट्रॅडिशनल घालावं, फोटो छान येतात. मी मोबाइल उलटा ठेवला. पण मी पंपांची इंजिनिअर. खाणीतलं पाणी उपसायचे पंप डिझाइन करते. नवरा म्हणाला, "अगं, तुझ्याच लाइनचं आहे की!" एवढ्या भाबडेपणाने म्हणाला की नाही म्हणता आलं नाही.

तेव्हा सकाळची झोप मोडून, मोटरवे संपून मेंढ्या सुरू होईपर्यंत आम्ही गाडी हाकली. मागे मुलगी कानात इअरफोन खुपसून बसली होती. ती तेव्हा हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला होती, आणि आमच्याबरोबर कुठेही दिसणं तिला त्या वर्षी फारसं आवडत नव्हतं.

गाइड बँकेतून निवृत्त झालेला होता. हे त्यानेच सांगितलं. अंगात चामड्याचा एप्रन, डोक्यावर मुद्दाम चुरगाळलेली टोपी. आयुष्यभर एसीत बसून लोकांची कर्जं नामंजूर केलेला माणूस आता रानातला कष्टकरी झाला होता. पहिली थांबायची जागा म्हणजे पवनचक्की. दगडी मनोरा, वर चार लाकडी पाती, त्या दिवशी वारा असा की बायकांच्या ओढण्या तोंडावर येत होत्या, आणि पाती ढिम्म.

"फिरत का नाहीत?" मी विचारलं.

"इन्शुरन्स, माय डिअर. बोल्ट मारून ठेवलीत." मग त्याचा चेहरा उजळला. "पण आपण कल्पना करू शकतो! सगळ्यांनी हात पसरा. तुम्ही पाती आहात!"

आणि आमचे लोक झाले की पाती! मॅनेजर, आर्किटेक्ट, एक कान-नाक-घशाचा सर्जन, सगळे हात पसरून गोल गोल फिरू लागले. संयोजक सर्वांत पुढे, एक हात पसरून फिरत, दुसऱ्या हाताने स्वतःला शूट करत. माझा नवरासुद्धा अर्धा हात वर करून उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा त्याने तो खाली घेतला.

ओढ्याकाठच्या पायवाटेने मग पाणचक्कीकडे गेलो. इथे चाक फिरत होतं. वरून पन्हळीतून पाणी पडत होतं, चाक कुरकुरत होतं, आणि सगळे 'वॉव' म्हणत होते. मला मात्र एक ओळखीची घरघर ऐकू येत होती. खालच्या डबक्यात पंप टाकलेला होता. तो विजेवर पाणी वर चढवत होता, तेच पाणी चाकावर पडत होतं, आणि पुन्हा डबक्यात येत होतं. शेजारचा ओढा कोरडा होता. शंभर वर्षांपूर्वीची शक्ती बघायला आलेली माणसं पंपाचं बिल बघत उभी होती.

"पाणी चाक फिरवत नाहीये, मोटर फिरवतेय," मी मुलीला म्हणाले.

"Mum, can you just not?" ती म्हणाली.

आत एका पडवीत त्यांनी दळणाची साधनं मांडली होती. कोपऱ्यात हाताने फिरवायचं एक दगडी जातं, बाजूला गव्हाचं भांडं. गाइडने घोळक्यावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. त्या घोळक्यात टिकली फक्त माझ्या कपाळावर होती.

"हे तर तुम्हाला चांगलंच ठाऊक असेल," तो प्रेमाने म्हणाला. "तुमच्याकडे बायका रोज पहाटे हेच करतात ना? दाखवता आम्हाला?"

मी म्हणाले, "मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढले. पीठ गिरणीतून यायचं. डबा घेऊन बाबा जायचे. मी जात्याला आयुष्यात हात लावलेला नाही."

"अहो वहिनी," संयोजक मराठीत कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "किती प्रेमाने विचारतोय तो! दोन फेरे मारा, मी व्हिडिओ घेतो. एखादी ओवीही होऊन जाऊ दे."

"तुम्ही दळा. ओवीही तुम्हीच म्हणा."

तो खरंच बसला. पोट सावरत मांडी घातली, ओंजळभर गहू एकदम ओतला, आणि कुठल्याशा सिनेमातली लावणी ओवीच्या चालीवर म्हणत जोर लावला. जातं अडलं. त्याने आणखी जोर लावला. खुंटा उपसून हातात आला आणि संयोजक मागच्या मागे गव्हाच्या भांड्यावर पडला.

मग त्याची बायको हसली. ती डेंटिस्ट आहे, अशा सहलींना शेवटच्या रांगेत पर्स धरून उभी असते, तोवर मी तिचे चार शब्दही ऐकले नव्हते. तिला हसू आवरेना. भिंतीला टेकून, डोळे पुसत ती हसत राहिली.

"No worries, mate," गाइड म्हणाला. "तो खुंटा सैलच आहे. दर वॉकला निघतो."

लोक संयोजकाला झटकण्यात गुंतले, तेवढ्यात माझी मुलगी जात्यापाशी जाऊन बसली. तिने अडकलेला गहू बोटांनी काढला, खुंटा बसवला, चार दाणे टाकले आणि हळूहळू फिरवायला लागली. गाइडने लगेच कॅमेरा काढला. "ब्यूटिफुल! रक्तातच असतं हे."

"ती इथे जन्मलीय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "आज सकाळपर्यंत तिला जातं म्हणजे काय हे माहीत नव्हतं. फोटो काढू नका."

त्याने खांदे उडवले आणि सगळ्यांना चहा-स्कोनच्या टेबलाकडे नेलं. मी मुलीचा हात धरला.

"मला फक्त बघायचं होतं चालतं का," ती म्हणाली. चक्क मराठीत. मग वाकून दोन दगडांमधल्या फटीत बघत, "दाण्याला बाहेर यायचं कसं कळतं?"

मी हात सोडला आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. दगडाच्या पोटात खाचा असतात, त्या दाण्याला मधून कडेकडे ढकलत नेतात, हे तिला सांगितलं. तिने वरची तळी उचलायला लावली. आम्हा दोघींच्याने ती कशीबशी कलली. तिने खाचांवरून बोट फिरवलं, पुन्हा तळी ठेवली, पुन्हा दाणे टाकले. जाडंभरडं पीठ पडत होतं. नवरा बोलवायला आला, तर तिने त्याला थांबायला सांगितलं. त्या दिवसातला तेवढाच वेळ मला परत मिळाला तर चालेल. बाकीचा ज्याला हवा त्याने घ्यावा.

परतताना नवरा म्हणाला, "दोन फेरे मारले असतेस तर काय झिजली असतीस?"

"तू पाती झालास तेव्हा मी काही बोलले?" मी म्हणाले.

संध्याकाळी ग्रुपवर संयोजकाचा व्हिडिओ आला, पडायच्या आधीपर्यंत कापलेला, खाली 'आपली संस्कृती, आपला अभिमान'. हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. मी ग्रुप सोडला.

दोन दिवसांनी फोन वाजला. डेंटिस्ट होती.

"मी हसले म्हणून घरी अबोला आहे," ती म्हणाली. "अगं, त्याला मिक्सरचं झाकण उघडता येत नाही. किती वर्षं मी पर्स धरून उभी राहतेय! तू पुढच्या वॉकला येणारेस?"

"छे."

"मग मीही नाही. शनिवारी पेंडल हिलला डोसा खायला येतेस?"

गेले. अजून जाते. स्टेशनजवळच्या त्या छोट्या हॉटेलात बसून आम्ही ओळखीच्या सगळ्यांना मनसोक्त नावं ठेवतो. तिची जीभ माझ्यापेक्षा धारदार आहे, हे मला इतकी वर्षं कसं कळलं नाही कोण जाणे. संयोजक सध्या दीपगृहांच्या मागे लागलाय असं तिच्याकडूनच कळलं. नव्या ग्रुपमध्ये त्याने आम्हा दोघींना घेतलेलं नाही.